मदत हवी आहे: गिंपमध्ये केलेल्या कॅप्सूल बटणाला डार्क मोडमध्ये पांढरी कड दिसते

प्रश्न

ईमेलने जाणाऱ्या पत्रकासाठी गिंप २.१० या चित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'नोंदणी करा' असं कॅप्सूलच्या आकाराचं बटण केलंय. माप २०० × ४४ पिक्सेल, रंग भगवा (#एफएफ९९३३), अक्षरं पांढरी.

केलं ते असं: पांढरा कॅनव्हास, रेक्टँगल सिलेक्टमध्ये राउंडेड कॉर्नर्स २२, बकेट फिलने रंग. मग फझी सिलेक्टने भोवतालचं पांढरं निवडून डिलीट. फाइल लहान व्हावी म्हणून मोड इंडेक्स्ड (मोजक्याच रंगांचा) करून पीएनजी काढली.

१. डार्क मोडमध्ये दोन्ही टोकांना पांढरी, करवतीसारखी कड दिसते.
२. मोबाइलवर सगळंच धूसर.
३. 'सविस्तर माहिती वाचा' बसवायला तेच चित्र रुंद केलं, तर टोकं अंड्यासारखी होतात.

सीएसएसने (वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या कोडने) करा असं कृपया सांगू नका. विंडोजवरच्या जुन्या आउटलुकमध्ये बॉर्डर-रेडियस (कोपरे गोल करणारी सूचना) चालत नाही, बटण चौकोनी दिसतं.

कडेकोट

पांढरी आणि करवती या दोन वेगळ्या चुका आहेत, एकीत एक मिसळल्यात.

गोलाईवरचे पिक्सेल अर्धे भगवे, अर्धे पार्श्वभूमीचे असतात. कड गुळगुळीत दिसते ती त्यामुळेच. तुमची पार्श्वभूमी पांढरी होती, म्हणून ते पिक्सेल फिकट भगवे झाले. फझी सिलेक्ट शुद्ध पांढरं उचलतो, हे फिकट पिक्सेल मागेच राहतात. पांढऱ्या पानावर ते खपून जातात, काळ्यावर उघडे पडतात. थ्रेशोल्ड (रंगात किती फरक चालेल ते) वाढवून हे सुटत नाही, उलट भगवाही कुरतडला जातो.

करवत इंडेक्स्डमुळे. गिंपच्या इंडेक्स्ड मोडमध्ये पिक्सेल एकतर पूर्ण दिसतो नाहीतर अजिबात नाही, अर्धपारदर्शक असं काही उरत नाही. एवढ्याशा सपाट रंगाच्या बटणाची आरजीबी पीएनजी तशीही काही केबींचीच होते, वाचवायचं काय त्यात?

नव्याने करा, दुरुस्त करत बसू नका:

फाइल > न्यू, ४०० × ८८. अॅडव्हान्स्डमध्ये फिल विथ: ट्रान्स्परन्सी. कंट्रोल-ए दाबून सगळं निवडा, मग सिलेक्ट मेनूतला राउंडेड रेक्टँगल, रेडियस १००. हे टक्के आहेत, पिक्सेल नव्हेत. १०० म्हणजे लहान बाजूच्या निम्मे, इथे ४४. कॉन्केव्हची खूण काढलेली असू द्या. फेदर वापरू नका, त्याने कड गुळगुळीत नाही, धुरकट होते. नवा पारदर्शक लेयर घेऊन त्यात रंग भरा. एक्स्पोर्ट आरजीबीतूनच.

उंची सम ठेवा. ४५ घेतलीत तर त्रिज्या २२.५ येते आणि टोकाचा मध्य अर्ध्या पिक्सेलवर पडतो.

प्रश्नकर्ता

कड गेली, डार्क मोडमध्येही स्वच्छ. पण आता बटण दुप्पट मोठं दिसतंय. शिवाय २ पिक्सेलची गडद किनार हवी होती. स्ट्रोक सिलेक्शन केलं तर सरळ बाजूंना ती निम्मीच उरते.

कडेकोट

दुप्पट मुद्दामच घेतलंय, धूसरपणावर तोच उपाय. इमेज टॅगमध्ये विड्थ २०० आणि हाइट ४४ असं लिहा, आणि ते टॅगच्या अॅट्रिब्यूटमध्येच हवं. नुसतं स्टाइलमध्ये लिहिलं तर आउटलुक मानत नाही.

स्ट्रोक सिलेक्शन रेषेच्या दोन्ही बाजूंना निम्मं-निम्मं रंगवतं. बाहेरचं निम्मं कॅनव्हासबाहेर जाऊन कापलं जातं. त्याऐवजी एकात एक दोन कॅप्सूल करा. खालच्या लेयरवर गडद, ४०० × ८८. वरच्यावर भगवी, ३९२ × ८०, जागा ४, ४; पुन्हा राउंडेड रेक्टँगल १००. आतली त्रिज्या आपोआप ४० होते आणि किनार वळणावरही सारखी जाड राहते.

शिरोरेघ

तिसऱ्या अडचणीबद्दल: चित्र ताणायचं नाही, नवी रुंदी घेऊन आकार परत काढायचा. अशी पाच-सहा बटणं असतील तर इंकस्केप हे आकार काढायचं सॉफ्टवेअर बरं. आयत काढून वरच्या पट्टीत आरएक्स आणि आरवाय (कोपऱ्याची आडवी आणि उभी त्रिज्या) ४४ द्या, आणि आयताबरोबर गोल कोपरेही मोठे करण्याची जी कळ आहे ती बंद करा. मग रुंदी हवी तेवढी ओढा, टोकं हलत नाहीत. शेवटी पीएनजीच काढा. जीमेल एसव्हीजी (इंकस्केपची मूळ फाइल) दाखवत नाही.

मजकूर सरळ भागातच राहू द्या. ४०० मधून दोन्ही टोकांचे ४४ गेले की ३१२ उरतात. 'नोंदणी करा' त्यात आरामात बसतं, 'सविस्तर माहिती वाचा'ला ५२० च्या आसपास घ्या.

आता न विचारलेलं. अलाइन टूल अक्षरांच्या चौकटीचा मध्य धरतं. 'नोंदणी'त मात्रा, अनुस्वार, वेलांटी सगळं वर. 'पुढे'मध्ये खाली उकारही. दोन्ही बटणं शेजारी ठेवली की शिरोरेघा वरखाली दिसतात. म्हणून गाइड (मदतीच्या रेषा) टाका: शिरोरेघेची वरची कड ३० वर, अक्षराचा पाय ६० वर. प्रत्येक बटणात हीच मापं. मध्य ४४ ऐवजी ४५ वर येतो, पण वरच्या मात्रांमुळे डोळ्याला तेच बरोबर वाटतं.

आणि त्या भगव्यावर पांढरी अक्षरं नकोत. कॉन्ट्रास्ट (दोन रंगांच्या उजळपणाचं गुणोत्तर) जेमतेम २.१ येतो, नेहमीच्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५ लागतो. #३बी१एफ०० हा गडद तपकिरी घ्या, ७ च्या वर जातो. किनारही त्याच रंगाची करा.

प्रश्नकर्ता

तपकिरी खरंच जास्त उठून दिसतोय. वर थोडी चकाकी द्यावी का?

शिरोरेघ

नको. पांढरा ग्रेडियंट नेमका शिरोरेघेमागे येतो आणि आत्ता मिळवलेला सारखेपणा जातो. त्यापेक्षा इमेज टॅगच्या ऑल्टमध्ये (चित्राऐवजी दिसणाऱ्या मजकुरात) 'नोंदणी करा' लिहिलंय का ते बघा. बऱ्याच ठिकाणी परवानगी दिल्याशिवाय चित्रं उघडत नाहीत, तोवर वाचणाऱ्याला बटण म्हणून तेवढंच दिसतं.