साठीपुढच्यांच्या मेंदूचा एमआरआय, दोन वर्षांच्या अंतराने: आखणी कशी करावी?

हर्णैबंदर:
दापोली आणि गुहागर तालुक्यांतल्या साठीपुढच्या माणसांचा अभ्यास आखतो आहोत. स्मृतीच्या चाचण्या, रक्ततपासणी (बी-१२, थायरॉइड, साखर) आणि मेंदूचा एमआरआय. तोच एमआरआय दोन वर्षांनी पुन्हा. मशीन १.५ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) आहे. हिप्पोकॅम्पसचं (स्मृतीशी निगडित मेंदूचा भाग) आकारमान आणि व्हाइट मॅटरमधले (मेंदूच्या आतल्या पांढऱ्या तंतूंमधले) डाग मोजायचे आहेत. कुठले सिक्वेन्स (एमआरआयच्या चित्रांचे प्रकार), कुठल्या क्रमाने घ्यावेत? मधल्या काळात मशीन बदललं तर चालेल का? आणि पेट स्कॅन (किरणोत्सारी द्रव्य टोचून घेतात तो) जोडावा का?

काताळ:
लोकलायझर (पुढच्या चित्रांची जागा ठरवणारं झटपट चित्र) झाल्या झाल्या त्रिमितीय टी१ (मेंदूची रचना स्पष्ट दाखवणारा सिक्वेन्स) घ्या. व्हॉक्सेल (चित्राचा सर्वांत लहान ठोकळा) तिन्ही बाजूंनी १ मिमी, वेळ ५ ते ६ मिनिटं. आकारमान यावरूनच मोजायचं असतं आणि वयस्क माणूस सुरुवातीलाच काय तो निवांत पडून राहतो. मग डागांसाठी फ्लेअर, सूक्ष्म रक्तस्रावांसाठी एसडब्ल्यूआय, शेवटी डिफ्युजन (पाण्याच्या रेणूंची हालचाल दाखवणारा). सगळं २५ ते ३० मिनिटांत बसवा. रेस्टिंग एफएमआरआयचा (स्वस्थ पडलेल्या माणसाच्या मेंदूचं काम टिपणाऱ्या स्कॅनचा) मोह पहिल्या अभ्यासात नको. त्यात ८-१० मिनिटं हलायचं नाही आणि झोपायचंही नाही. पहाटेची एसटी पकडून आलेला माणूस त्या खडखडाटातही झोपतो. गॅडोलिनियमची (शिरेतून द्यायच्या कॉन्ट्रास्ट औषधाची) या कामाला गरज नाही.

स्कॅन बिघडतो तो हालचालीने. डोकं थोडंसं हललं तरी कडा पुसट होतात आणि सॉफ्टवेअर कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर) आहे त्यापेक्षा पातळ मोजतं. डिमेन्शिया असलेली माणसं जास्त हलतात, म्हणजे चूक नेमकी आपल्या अपेक्षेच्याच बाजूला झुकते आणि कुणाला शंकाही येत नाही. म्हणून टी१ची चित्रं तिथल्या तिथे कन्सोलवर बघा. कोरोनल (एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतच्या उभ्या) कापात कवटीला समांतर लाटांसारख्या रेषा दिसल्या, तर माणूस टेबलावर असतानाच सिक्वेन्स पुन्हा घ्या.

पाठीला बाक असेल तर डोकं कॉइलच्या (डोक्याभोवती बसवायच्या पिंजऱ्यासारख्या भागाच्या) तळाला टेकत नाही, हनुवटी वर जाते आणि मानेला रग लागते. डोक्याखाली पातळ घडी, दोन्ही कानांशी फोम, गुडघ्यांखाली लोड. आत नेण्यापूर्वी लघवीला पाठवा, अंगावर चादर द्या. एसीत कुडकुडणारा माणूस हलणारच. गुंगीचं औषध देऊ नका. या वयात त्यातून उठल्यावर भ्रम होण्याचा धोका खरा आहे, त्यापेक्षा हललेला स्कॅन सोडून दिलेला बरा.

पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कॉक्लिअर इम्प्लांट हे सगळीकडेच विचारतात. आपल्या बंदरपट्टीत आणखी एक विचारा: बोटीचं वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग कधी केलं होतं का? डोळ्यात लोखंडाचा कण राहिल्याची शंका आली तर आधी डोळ्याच्या खोबणीचा एक्स-रे. बोटात रुतलेली जोडवी आदल्या दिवशी घरीच साबणाने काढून ठेवायला सांगा. ऐनवेळी ती ओढत बसलं की आजी घाबऱ्याघुबऱ्या होतात आणि पुढचा अर्धा तास वाया जातो.

आकडेमोड:
मशीन बदललं तर चालणार नाही. हिशेब मांडून बघा. एका बाजूचा हिप्पोकॅम्पस या वयात ढोबळमानाने ३००० घन मिमी. निरोगी वार्धक्यात तो वर्षाला साधारण १.५ टक्का घटतो, अल्झायमरमध्ये ४ ते ५ टक्के. म्हणजे निरोगी माणसात वर्षाला ४५ घन मिमी, १ मिमीचे फक्त ४५ व्हॉक्सेल. कॉइल बदलली, सॉफ्टवेअर अपग्रेड झालं किंवा डोकं वेगळ्या कोनात ठेवलं तरी एवढा फरक आपोआप पडू शकतो. २००४ साली सुरू झालेल्या एडीएनआय या अमेरिकेतल्या अल्झायमरवरच्या बहुकेंद्री अभ्यासाने फँटम (मशीनची मोजणी पडताळायची ठरलेल्या मापाची वस्तू) आणि एकसारखे प्रोटोकॉल लावले ते याचसाठी. बदल अटळच असेल तर निदान काही जणांचे स्कॅन थोड्या दिवसांच्या अंतराने दोन्ही मशीनवर घ्या. सेंटरला लेखी कळवून ठेवा की अपग्रेडची तारीख आधी सांगावी. मोजणी फ्रीसर्फर या सॉफ्टवेअरने करणार असाल तर लॉन्जिट्युडिनल (एकाच माणसाचे सगळे स्कॅन एकत्र जुळवून मोजणारी) पद्धत वापरा आणि दोन्ही फेऱ्यांना आवृत्ती एकच ठेवा. टी१मध्ये काळपट दिसणारे डाग सॉफ्टवेअर ग्रे मॅटर (मेंदूतला पेशींचा करडा भाग) म्हणून मोजतं, ते फ्लेअरशी ताडून हाताने तपासावेच लागतात.

सॉफ्टवेअरसोबत येणारे 'वयानुसार नॉर्मल' तक्ते बहुतेक पाश्चात्त्य लोकांचे असतात. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने २०१९ मध्ये १०० भारतीयांवरून मेंदूचा नकाशा तयार केला, पण ते सगळे तरुण होते. तेव्हा कवटीच्या आकारमानाशी जुळवून घेऊन प्रत्येकाची तुलना त्याच्याच पहिल्या स्कॅनशी करा.

खाडीपलीकडे:
पेट नको. एफडीजीतल्या (पेटसाठी टोचायच्या साखरेसारख्या द्रव्यातल्या) फ्लोरिन-१८चा अर्धायुष्यकाळ ११० मिनिटं. मुंबईहून रस्त्याने रत्नागिरीला आणेपर्यंत साडेसात तास धरले तर सोळाव्या हिश्श्याच्या आसपास उरतं. अमिलॉइड (अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारं प्रथिन) दाखवणाऱ्या पीआयबी या द्रव्यातला कार्बन-११ तर २० मिनिटांत निम्मा होतो. तो सायक्लोट्रॉनच्या (असे किरणोत्सारी अणू बनवणाऱ्या यंत्राच्या) दारातच वापरायचा. निवडक माणसांना मुंबईला न्यायचं ठरलंच, तर ४ ते ६ तास उपाशी आणि इंजेक्शननंतर शांत, अंधाऱ्या खोलीत पडून राहणं, हे प्रवासाच्या वेळापत्रकात आधीच बसवा.

सुपारीबाग:
मशीनबद्दल वरचं सगळं पटलं. माणसांबद्दल लिहिते.

दोन्ही फेऱ्या एकाच ऋतूत आणि दिवसाच्या एकाच सुमाराला ठेवा. अंगातलं पाणी कमी झालं की मेंदूचं आकारमानही किंचित घटतं, त्यामुळे मे महिन्याची दुपार आणि जानेवारीची सकाळ यांची तुलना होऊ शकत नाही. आंब्याचा हंगाम, लावणी आणि गणपती टाळलेत तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उरतो.

दुसऱ्या फेरीला जे येत नाहीत ते बहुधा बिघडलेलेच असतात. त्यांना सोडून दिलं तर तुमच्या आकड्यांत सगळं गाव ठणठणीत निघेल. गाडीचा खर्च आणि सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी पहिल्यापासून अंदाजपत्रकात धरा; येणं जमणारच नसेल तर निदान घरी जाऊन चाचणी घ्या.

वजाबाकी आणि आकृती काढणं यात शाळेचीच परीक्षा होते. दोन इयत्ता शिकलेल्या आजींचे गुण तेवढ्यावरून कमी धरू नका. रोजच्या कामांची माहिती घरात सोबत राहणाऱ्या सुनेला विचारा; मुंबईचा मुलगा फोनवर बोलून 'आई मस्त आहे' म्हणतो, पण भातात मीठ दोनदा पडतं ते सुनेला माहीत असतं. चाचणीच्या वेळी चष्मा आणि श्रवणयंत्र लावलेलं असू द्या.

आणखी एक, आणि हे आधी ठरवाच: स्कॅनमध्ये गाठ, धमनीचा फुगा किंवा सबड्युरल (मेंदूच्या बाहेरच्या आवरणाखालचा) रक्तस्राव सापडला तर कोण, किती दिवसांत, कुणाला सांगणार? पावसात शेवाळलेल्या पायरीवरून पडलेल्याला काही आठवड्यांनी विसराळूपणा सुरू होतो आणि कारण सबड्युरल निघतं. ते बरं होऊ शकतं. असा रिपोर्ट फायलीत पडून राहणं अक्षम्य आहे.

हर्णैबंदर:
सगळ्यांचे आभार. रिपोर्टमध्ये नुसतं 'वयोमानानुसार झीज' लिहून येतं, त्याचं काय करायचं?

आकडेमोड:
त्या वाक्याचं काही करता येत नाही, रेडिओलॉजिस्टकडून गुण मागा. हिप्पोकॅम्पसच्या भागासाठी एमटीए (झीज जास्त तसे गुण जास्त), ० ते ४, हिप्पोकॅम्पसच्या लांबीला काटकोनात घेतलेल्या कोरोनल कापावर. पंचाहत्तरीच्या आत २ किंवा जास्त, त्यापुढे ३ किंवा जास्त असेल तर सहसा असामान्य धरतात. डागांसाठी फझेकास, ० ते ३. सूक्ष्म रक्तस्राव मोजून घ्या आणि जागाही लिहून घ्या: खोलवरचे बहुधा रक्तदाबाचे, फक्त बाहेरच्या पाळ्यांतले असतील तर अमिलॉइड अँजिओपॅथीची (रक्तवाहिन्यांच्या भिंतीत अमिलॉइड साठण्याची) शंका. दोन वाचक ठेवा. नाव, चाचणीचे गुण आणि स्कॅन पहिला की दुसरा, यातलं काहीही त्यांना कळू देऊ नका. काही स्कॅन महिन्याभराने त्यांनाच पुन्हा वाचायला द्या. त्यांचे स्वतःचेच गुण जुळले नाहीत, तर पुढे जाण्याआधी तिथेच थांबून दुरुस्ती करा.