तिन्हीसांजेला बांधावर बसून शांत का वाटत नाही?

रानराखण्या:
वडील दिवाळीनंतर गेले. मंगळवेढ्याकडे आमची आठ एकर काळी, पाच एकरांत मालदांडी ज्वारी उभी आहे. रजा टाकून पाखरं राखायला आलोय. चार वाजता माळ्यावर चढायचं, गोफण फिरवायची, भोरड्यांच्या नावानं ओरडायचं. घसा पार बसलाय.

सहाच्या सुमाराला भोरड्यांचा थवा एकदम उठतो, धुरासारखा दोनदा वळतो आणि तळ्याकडच्या बाभळींत जाऊन पडतो. मग रानात काही काम उरत नाही. वडील तरी लगेच घरी येत नसत. अर्धा तास बांधावरच्या दगडावर बसत. आई दिवा लावून दारात उभी, "तिन्हीसांजेचं रानात काय ठेवलंय?"

आता त्याच दगडावर मी बसतो. समोर सपाट रान, लालबुंद सूर्य, आडवं यायला झाड नाही. फोटो झकास येतात. पण डोक्यात सोसायटीचं कर्ज, वाटण्या, बहिणीची सही. शेवटी नुसती हुरहूर घेऊन उठतो. वडिलांना तिथं काय मिळत होतं? तुम्हाला कुणाला जमतं का असं बसायला?

सांगोल्याची सून:
दादा, सूर्य बुडतो ती आमची धारा काढायची वेळ. बघायला सवड कुणाला? पण मोबाईल घरी ठेवून जा आणि हाताला काहीतरी चाळा द्या. माझे सासरे चऱ्हाट वळत बसायचे. रिकाम्या हाताला हिशेबच सुचतात.

आकाशवेडा:
तुम्ही चुकीच्या बाजूला बघताय! आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, क्षितिजाला टेकला की अडीच मिनिटांत संपला. तो बुडाला की पूर्वेला तोंड करा. क्षितिजालगत राखाडी-निळा पट्टा दिसेल, त्यावर गुलाबी. तो निळा पट्टा म्हणजे पृथ्वीची स्वतःची सावली, हवेवर पडलेली. दहा-पंधरा मिनिटं वर वर चढते आणि रात्रीत मिसळून जाते. आम्हा शहरवाल्यांना इमारतींमुळे दिसत नाही, तुमच्या रानात तर सबंध दिसेल.

जुनाजाणता:
हुरहूर लागते म्हणून तर तिला कातरवेळ म्हणतात. बाप जाऊन दोन महिने झालेत, शांत वाटायची एवढी घाई कशाला?

रानराखण्या:
सगळ्यांचे आभार. चऱ्हाट काही जमलं नाही, तळहात सोलले. जुनाजाणता, तुमचं वाचून काल फोन बंदच ठेवला.

सूर्य बुडाल्यावर दगडावर उलटा फिरून बसलो. पट्टा दिसला. आधी वाटलं लांब कुठं तरी आभाळ भरून आलंय, पण तो हळूहळू चढतच राहिला. पाय खाली सोडले तर टाचा आपसूक दोन खळग्यांत बसल्या. वाकून पाहिलं. दगडाच्या पूर्वेला गवताची काडी नाही, माती तुळतुळीत. पश्चिमेला, मी रोज बसतो तिकडं, कुसळं गुडघ्याएवढी.

घरी येऊन आईला विचारलं, तर म्हणाली, "मोतीबिंदू होता त्यांना. ऊन डोळ्यांवर यायचं, म्हणून पाठ करून बसत."

असो. हुरडा आलाय. जवळपास कुणी असेल तर या, गोफण मात्र फिरवावी लागेल.