शोषखड्डा बुजवायच्या आधी (सोसायटी ग्रुप, रत्नागिरी)

बी-३०२ काका: सेक्रेटरी साहेब, बी विंगच्या मागे पाणी जिरवायच्या शोषखड्ड्यासाठी जेसीबीने खड्डा मारलाय, त्यात उद्या खडी पडायच्या आधी सगळ्यांनी एकदा येऊन त्याची उभी भिंत बघून जा. सकाळी साडेसातला ऊन बरोबर त्या बाजूवर येतं. आणि बाहेर काढलेल्या मातीचा ढीग बागेत पसरू नका, हात जोडून सांगतो

सेक्रेटरी: काका मृग तोंडावर आलाय, काम संपवायचंय. बागेत भर घालायची हे मीटिंगमध्ये ठरलंय, डंपरचे पैसे पण वाचतात

बी-३०२ काका: भर घालायला माझी ना नाही, पण कुठली माती घालताय ते बघा. त्या भिंतीवर वरून खाली बघत गेलात तर आधी पातेरा, म्हणजे गळलेला पाला दिसेल, अर्धा कुजलेला, त्याखाली जेमतेम वीतभर काळसर तपकिरी माती, भुसभुशीत, हातात घेतली तर पहिल्या पावसाचा वास येतो, बारीक मुळ्यांचं जाळं सगळं तिथेच. मग एकदम रंग बदलतो, लालभडक चिकण माती नि त्यात गोल गोल खडे, मुळ्या कमी होतात. आणि तळाला जांभा, आपला लाल दगड, अर्धा मऊ अर्धा कडक. पुस्तकात या थरांना ओ, ए, बी, सी अशी अक्षरं देतात नि सगळ्यात खालच्या अखंड खडकाला आर, आपल्याकडे तो काळा पाषाण, तो इथून खूप खाली असणार. झाड जगतं ते मुख्यतः वरच्या वीतभरावर. जेसीबीने वरचं खाली नि खालचं वर केलंय, ढिगावर आत्ता जी लाल माती दिसतेय ती पाच फुटांखालची आहे

ए-१०१ वहिनी: म्हणजे माझी जास्वंद पिवळी पडतेय ती यामुळेच का हो काका? गेल्या वर्षी गेटजवळ नवीन लाल माती टाकली तेव्हापासून फूट म्हणून नाही. शेणखत घातलं की चार दिवस बरी दिसते

बी-३०२ काका: बहुतेक तेच वहिनी. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, लाखो वर्षं तो मातीतून झिरपतोय. चुना, पोटॅश, सिलिका सगळं धुवून नेलं, मागे राहिलं लोखंड नि ॲल्युमिनियम, म्हणून ती लाल आणि आम्लधर्मी. वर गंमत अशी की हेच लोखंड स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, पकडून ठेवतं, तुम्ही सुपर फॉस्फेट टाकलंत तरी बरंचसं मुळापर्यंत पोचतच नाही. पातेरा कुजून जो काळेपणा येतो तो ही पकड सैल करतो, आणि मुळांना चिकटून राहणारे बुरशीचे पांढरे धागे असतात ते स्फुरद आणून देतात. ही बुरशी, गांडुळं, चमचाभर मातीत कोट्यवधी जिवाणू, सगळा कारभार वरच्या थरात

बी-२०४: पण काका आंबा तर कातळावर होतो आपल्याकडे, तिथे कुठे आलाय वरचा थर

बी-३०२ काका: तोच तर पुरावा आहे भाऊ. कातळात सुरुंग लावून, नाहीतर आता ब्रेकरने, मीटरभर लांब रुंद खोल खड्डा करतात आणि त्यात बाहेरून माती आणून भरतात, शेणखत घालून. आपल्या आज्यांनी ती माती डोक्यावरून वाहिलीय. नुसत्या कातळावर काय उगवतं ते पावसात सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, जाऊन बघा, दवबिंदू नि सीतेची आसवं, दोन्ही किडे खाणाऱ्या वनस्पती, कारण जमिनीत अन्नच पुरेसं नाही. किती सुंदर दिसतो सडा तेव्हा, पण तिथे जास्वंद नाही येणार

ए-३०१ आजी: आमच्या माहेरी विहीर काढली तेव्हा वर जांभा लागला नि खाली मऊ पिवळट पांढरी चिकण माती, त्या दोघांच्या मधून पाणी यायचं. पाथरवट म्हणाला आता खाली जाऊ नका

बी-३०२ काका: अगदी बरोबर आजी. जांभा भोकाभोकांचा, पाणी सोडतो, खालची चिकण माती अडवते, म्हणून सड्याच्या कडेला झरे फुटतात. आपला शोषखड्डा पण त्याच जांभ्याच्या जिवावर चालणार आहे. आणि जांभा कापताना मऊ, वारा ऊन लागलं की घट्ट, म्हणून तर चिरे होतात. खालची लाल माती उघड्यावर पसरलीत तर तीसुद्धा उन्हाळ्यात अशीच आवळून बसते, कुदळ उडते

सेक्रेटरी: आणि आपला चिकू वाळतोय त्याचं काय झालं मग, तो तर जुना आहे, त्याला वरचा थर होता की

बी-३०२ काका: होता. पण गेल्या वर्षी कंपाऊंडचं काम करणाऱ्यांनी त्याच्या बुंध्यापाशी दोन फूट लाल माती चढवली. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, चांगल्या मातीत जवळपास निम्मी जागा पोकळी असते. त्या पोकळीवर दोन फूट चिकण माती बसली, शेंडा वाळतोय तो त्यामुळे. मला त्या झाडाकडे बघवत नाही खरं सांगतो. अजून खालच्या फांद्यांना हिरवं आहे, पावसाआधी बुंधा मोकळा केला तर वाचेल, मात्र हाताने, जेसीबी नको, मुळ्या तुटतील

बी-१०३ ताई: मला एक बोलायचंय. पातेरा ठेवा म्हणता पण त्यात फुरसं बसतं, विषारी साप तो, मुलं खेळतात मागे. मी तरी झाडून जाळा असंच म्हणेन

बी-३०२ काका: ताई तुमची भीती रास्त आहे, फुरसं खेळ नाही. खेळायच्या जागेवरचा नि वाटेवरचा पातेरा रोज झाडायचाच. पण जाळायचा नाही, जाळला की नत्र हवेत जातं नि राख पहिल्या पावसात गटारात. मागच्या दगडी गडग्याजवळ (कुंपणाजवळ) चिऱ्यांचा चौकोन करून त्यात टाकू, वर थोडं शेण नि पाणी, पावसाळ्यानंतर खत मिळेल. आळ्यात घालायचा तो पण असा कुजलेलाच घालू, पातळ थर, बुंध्यापासून हातभर लांब. आपला वीतभर थर शेकडो वर्षांनी झालाय, मेमधे उघडा ठेवला तर जूनच्या एका सरीत लाल पाणी होऊन पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, जातो

ए-१०१ वहिनी: मला पटतंय. बाहेरून माती विकत घ्यायची वेळ आली तर तीही कुणाच्या तरी शेताचा वरचा थर खरवडूनच येणार ना

बी-२०४: दापोलीला कृषी विद्यापीठात माती तपासून मिळते, नमुना मी नेऊन देतो, गुरुवारी जाणारच आहे. चुना घालायचा की नाही ते आकड्यावरून ठरवू, उगाच अंदाजाने नको

बी-३०२ काका: उत्तम. नमुना घेताना वरचा कचरा बाजूला करून वीतभर खोल, पाच सहा ठिकाणचा एकत्र करून घ्या, खत टाकलंय तिथला नको

सेक्रेटरी: ठीक आहे. जेसीबीवाल्याला फोन केला, उद्या साडेनऊला येईल, त्याआधी ज्यांना बघायचंय त्यांनी बघा, मुलांना कडेला उभं करू नका. लाल माती पार्किंगच्या खचलेल्या कोपऱ्यात भरायला घेतो, तिथे चालेल ना काका? टाकीचा दुसरा खड्डा काढताना वरची वीतभर माती आधी वेगळी काढायला सांगितलीय, ताडपत्री माझ्याकडे आहे. चिकूच्या बुंध्यासाठी रविवारी सकाळी चार माणसं लागतील, नावं द्या

बी-३०२ काका: तिथे चालेल, चांगली दाबून बसते ती. माझं नाव लिहा

बी-२०४: मी

बी-१०३ ताई: आमचे हे येतील, घमेली दोन आहेत आमच्याकडे