त्यांची पेन्शन कायद्यात, आमचा हप्ता शासन निर्णयात

कोरा कागद

माजी आमदारांच्या पेन्शनचा विषय निघाला की सगळे आकड्यावर तुटून पडतात. महिन्याला ५० हजार, आणि पाचाच्या वर जितकी वर्षं आमदारकी केली त्या प्रत्येक वर्षामागे आणखी २ हजार. आकड्याने डोकं फिरतं हे खरंच. पण मला त्याहून जास्त सलतं ते हे, की ही पेन्शन कायद्यात आहे. तिच्यासाठी १९७६ चा स्वतंत्र कायदा आहे. बंद करायची तर विधेयक आणा, दोन्ही सभागृहांत मंजूर करा, राज्यपालांची सही घ्या. कुठल्या सचिवाने कागद काढला आणि रातोरात एखाद्या माजी आमदाराचं नाव यादीतून उडालं, असं होत नाही.

आता लाडकी बहीण बघा. २८ जून २०२४ ला अर्थसंकल्पात घोषणा आणि त्याच तारखेचा शासन निर्णय, म्हणजे सभागृहात न जाता खात्याने काढलेला आदेश. महिना १५०० रुपये, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत. वयाची मर्यादा ६० होती, आठवडा उलटायच्या आत ६५ झाली. पाच एकर शेतीची अट होती, तीही गेली. त्यासाठी काय लागलं? दुसरा शासन निर्णय. नोव्हेंबरात विधानसभा होती, त्यामुळे अर्ज धडाधड मंजूर. निवडणूक झाल्यावर मात्र छाननी, ई-केवायसी आणि नावं वगळणं. २१०० चं आश्वासन दिलं होतं, ते मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात आलं नाही. कुणी कोर्टात जाऊन मागूही शकत नाही, कारण मागायला हक्कच दिलेला नाही.

दिल्लीतही तेच. खासदारांचा पगार २०१८ च्या वित्त कायद्याने महागाईच्या निर्देशांकाला बांधला. मार्च २०२५ मध्ये तो १ लाखावरून १ लाख २४ हजार झाला आणि लागू कधीपासून, तर १ एप्रिल २०२३ पासून. आणि केंद्राची वृद्धापकाळ पेन्शन? ६० ते ७९ वयाच्या माणसासाठी केंद्राचा वाटा २०० रुपये. २००७ मध्येही २००च होता. म्हाताऱ्यांना महागाई लागत नसावी.

माझं म्हणणं योजना बंद करा असं नाही. एक वर्षाहून जास्त चालणारी रोख मदतीची कोणतीही योजना कायद्यातच हवी. कुणाला, किती, रक्कम कशी वाढणार, नाव काढलं तर दाद कुठे मागायची, हे सगळं त्यात लिहिलेलं हवं. सरकारला वाटण्याची आणि काढून घेण्याची मोकळीक नको. तुम्हाला काय वाटतं?

पगारदार पामर

मला वाटतं तुम्ही आगीत तेल ओतताय.

आज निदान आशा आहे की एखादा शहाणा अर्थमंत्री येईल आणि हात आखडता घेईल. कायदा केलात की संपलं, मग ती योजना कुणाच्या बापाला बंद करता येणार नाही. २०२५-२६ ला या एका योजनेसाठी ३६ हजार कोटी ठेवले. पैसे पुरेनात म्हणून सामाजिक न्याय खात्याचा निधी वळवला, तेव्हा त्या खात्याचे मंत्रीच जाहीरपणे चिडले होते. हे कायम करायचं?

माझ्या पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला व्यवसाय कराचे २०० रुपये कापलेले असतात, फेब्रुवारीत ३००. हा कर १९७५ मध्ये रोजगार हमीसाठी लावला होता. पन्नास वर्षं झाली, कापणं चालूच आहे. आमदारांची पेन्शन बंद करा, हप्तेही बंद करा. दोन्ही खैरात आहे आणि दोन्ही माझ्या खिशातून जाते.

गुळाचा गणपती

मंत्र्यांच्या गाड्यांवरचा लाल दिवा १ मे २०१७ पासून गेला म्हणून पेढे वाटले होते लोकांनी. दिवा गेला, ताफा राहिला, सायरन राहिला, सिग्नल अजून थांबवतात. तुमच्या कायद्याचंही तेच होईल. चालू द्या.

कोरा कागद

@पगारदार पामर, रोजगार हमीचं उदाहरण तुम्ही काढलंत ते बरं झालं, कारण ते माझ्या बाजूचं आहे. वि. स. पागे यांची कल्पना, १९७२ च्या दुष्काळात तिचा खरा कस लागला आणि १९७७ मध्ये कायदा झाला. त्यात नुसतं वाटप नव्हतं. खर्च कुठून येणार तेही ठरवलं, शहरातल्या पगारदारावर कर लावला, आणि तो कर कशासाठी आहे हे त्याला सांगितलं. तुमच्या स्लिपवर तो दिसतो म्हणूनच तुम्ही आज त्यावर भांडू शकता. लाडक्या बहिणीसाठी तुमच्याकडून किती गेले ते सांगा बघू. नाही सांगता येणार, कारण कर लावून द्यायची हिंमत नव्हती, कर्ज काढून दिले.

टेबल नंबर चार

नोकरीतली बरीच वर्षं तहसीलच्या संजय गांधी शाखेत गेली, म्हणून लिहितो. कोरा कागद यांचं लिखाण वाचायला छान आहे, पण टेबलाच्या या बाजूने वेगळं दिसतं.

कायद्यात लिहिलं की पैसे मिळतात हा शहरी समज आहे. केंद्राच्या २००५ च्या रोजगार हमी कायद्यात स्पष्ट होतं, मजुरी पंधरा दिवसांत, उशीर झाला तर दिवसाला ०.०५ टक्के भरपाई. मस्टर (हजेरीपट) वेळेत बंद झालं नाही, आधार जुळलं नाही, वरून निधीच आला नाही, अशी कारणं निघायची आणि मजूर बँकेच्या दारात उभा राहायचा. भरपाई मागायची असते हे निम्म्यांना माहीतच नसायचं. आणि ज्यांना माहीत होतं ते मागायला घाबरायचे, पुढचं काम मिळणार नाही म्हणून.

दुसरं, शासन निर्णयाला एवढी नावं ठेवू नका. पूर येतो, गारपीट होते, तेव्हा निकष चार दिवसांत बदलावे लागतात. विधेयकाची वाट बघत बसलो तर माणसं मरतील.

खरा अन्याय कुठे आहे सांगू? संजय गांधी निराधार योजनेत विधवेला पात्र व्हायचं तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत दाखवावं लागतं. महिन्याला पावणेदोन हजार. एवढ्यात कोण जगतं? म्हणजे तलाठ्यापासून सगळ्यांनी मिळून खोटा दाखला करायचा. मग तालुक्याची समिती, तिचा अध्यक्ष पालकमंत्र्यांच्या मर्जीतला, मग दरवर्षी हयातीचा दाखला. इतकं करून मिळतात १५००. आणि अडीच लाख उत्पन्नवालीलाही १५००च! ही दोन्ही परिपत्रकं एकाच सरकारची. दोन्ही फायली एका टेबलावर ठेवून वाचायची तसदी कुणी घेतली नाही. यात कायदा काय करणार?

रानवाट

मला मिळतात ते १५००, म्हणून बोलते. खैरात म्हणणाऱ्या भाऊंनी एकदा सांगावं, त्यांच्या गृहकर्जाच्या व्याजावर जी करसवलत मिळते तिला ते काय म्हणतात.

पैसे माझ्या खात्यात येतात, नवऱ्याच्या नाही. हा फरक इथे कुणी लिहिलाच नाही. पण कोरा कागद, तुमचंही सगळं पटलं नाही बाप्पा. कायदा आधी झाला असता तर दहा वर्षं समितीत गेली असती आणि मला एक रुपया दिसला नसता. निवडणुकीपुरते दिले म्हणता, मान्य. मग निवडणूक दरवर्षी घ्या.

मात्र आमच्या वस्तीतल्या एका बाईचं नाव गेलं, ते कशामुळे हे तिला कुणी सांगितलं नाही. फॉर्म मंजूर होता, हप्ते आले होते, एकदम थांबले. चौकशीला गेली तर एका टेबलावरून दुसऱ्या. तिला कायदा नको, कारण लिहिलेला एक कागद पाहिजे.

पगारदार पामर

@रानवाट, करसवलत म्हणजे माझेच पैसे मला ठेवू देणं. हप्ता म्हणजे माझे पैसे तुम्हाला देणं. फरक आहे.

रानवाट

तेल, साबण, मोबाइलचा रिचार्ज, सगळ्यावर जीएसटी मीही भरते. तुमच्या स्लिपवर दिसतो, माझ्या बिलात दिसत नाही, एवढाच फरक.

कलम २१३

सगळे लाभार्थी आणि करदाते यांच्यात भांडतायत. मूळ प्रश्न सरकारच्या हाताला लगाम किती, हा होता. त्यावर दोन गोष्टी.

पहिली, १९७०. माजी संस्थानिकांना सरकारकडून मिळणारे तनखे बंद करण्याचं घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत मंजूर झालं आणि राज्यसभेत दोन तृतीयांशाला एक मतही पूर्ण कमी नव्हतं इतक्या थोडक्यात पडलं. सरकारने काय केलं? लगेच राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यताच काढून घेतली. हेतू चांगला, लोकांना हवा असलेला. तरी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. संसद जे करू शकली नाही ते सरकार एका आदेशाने करू शकत नाही. मग १९७१ ला निवडणूक जिंकून रीतसर २६ वी घटनादुरुस्ती झाली आणि तनखे गेले. वर्षभर उशीर झाला, पण आजवर ते कुणाला परत मागता आले नाहीत.

दुसरी, पंजाब, २०२२. एका आमदाराला एकच पेन्शन, मग तो कितीदाही निवडून आलेला असो. आपण सगळे टाळ्या वाजवू असा निर्णय. पण नव्या सरकारने तो अध्यादेशाने, म्हणजे विधानसभेत न जाता राज्यपालांच्या सहीने, करायला घेतला आणि राज्यपालांनी परत पाठवला, अधिवेशन जवळ आलंय, तिथे विधेयक आणा म्हणून. त्यांनी आणलं, मंजूर झालं, लागू झालं. काय बिघडलं?

@टेबल नंबर चार, पूर-गारपिटीला सवलत द्यायला कुणाची ना नाही. पण तीच सवड रोजची वहिवाट झाली की काय होतं ते बिहारने दाखवलं. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधले डी. सी. वाधवा यांनी मोजून दाखवलं की १९६७ ते १९८१ मध्ये तिथे २५६ अध्यादेश पुन्हा पुन्हा काढून जिवंत ठेवले, काही तर दहा वर्षांहून जास्त. विधानसभेपुढे न जाताच. त्यांच्याच याचिकेवर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला घटनेशी केलेली लबाडी म्हटलं आणि बिहार सरकारला वाधवांना १० हजार रुपये खर्च द्यायला लावला. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने हे करावं आणि तिथल्या आमदारांनी ब्रही काढू नये, हे मला अजून चमत्कारिक वाटतं.

एक घाव दोन तुकडे

पारायण झालं का? लोकांनी बहुमत दिलं ते काम करायला. प्रत्येक गोष्टीला विधेयक, समिती, कोर्ट केलं तर सरकार फक्त फायली हलवत बसेल. आणि लगाम नाही हे सांगितलं कुणी? जुलै २०२४ च्या अधिवेशनात ९४ हजार कोटींच्या वर पुरवणी मागण्या (अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या) आल्या, त्यात या योजनेचे पैसे होते, सभागृहाने मंजूर केले. घटनेप्रमाणेच झालं. बहिणींच्या विरोधात मत द्यायची विरोधकांची छाती झाली नाही, उलट त्यांनी स्वतः जाहीरनाम्यात दुप्पट कबूल केले. मग हुकूमशाही कुठून आली?

कलम २१३

हुकूमशाही हा शब्द या धाग्यावर तुम्हीच पहिल्यांदा आणलात. पण मुद्दा बरोबर आहे, सभागृहाने मंजूर केलं. प्रश्न असा की सभागृहाला नामंजूर करता येतं का? १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर सत्ताधारी आमदाराने व्हिप, म्हणजे पक्षाच्या प्रतोदाने काढलेला मतदानाचा आदेश, मोडला तर आमदारकी जाते. म्हणजे ज्याने सरकारला पैशाचा हिशेब विचारायचा, त्याचीच नोकरी सरकारच्या प्रतोदाच्या हातात. शेवटच्या दिवशी उरलेल्या सगळ्या मागण्या एकत्र मताला टाकतात, आवाजी मतदान, मंजूर. आमदारांच्या स्वतःच्या पगारवाढीचं विधेयक ऑगस्ट २०१६ मध्ये असंच चर्चेविना झालं, पण तिथे व्हिपची गरजही पडली नाही.

टेबल नंबर चार

कलम साहेब, सगळं खरं. पण मला माझ्या आधीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही. कायदा असूनही पैसे अडले त्याचं काय?

कोरा कागद

देतो. पश्चिम बंगालची रोजगार हमीची रक्कम केंद्राने मार्च २०२२ पासून थांबवली. गैरव्यवहाराचं कारण दिलं, त्याच कायद्यातलं कलम २७ वापरून. म्हणजे कायदा असून अडले, तुमचंच म्हणणं. पण कायदा होता म्हणून कलकत्ता उच्च न्यायालयाला सांगता आलं की चोरी पकडा, पण काम १ ऑगस्ट २०२५ पासून सुरू करा. सर्वोच्च न्यायालयातही ते टिकलं. तीन वर्षं गेली, मजुरांचे हाल झाले, हे मी नाकारत नाही. पण शासन निर्णयावर चालणारी योजना असती तर याचिकेत लिहायला काय होतं?

आणि २१ हजारांची अट परिपत्रकात आहे म्हणूनच इतकी वर्षं कुणी तिच्याकडे बघितलं नाही. कायद्यात असती तर निदान दुरुस्तीच्या वेळी सभागृहात वाचली गेली असती.

टेबल नंबर चार

वाचली गेली असती म्हणता? आवाजी मतदानात?

तरी रानवाट ताईंच्या शेजारणीचं काम कायद्याशिवाय होऊ शकतं. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, त्यात पहिलं अपील, दुसरं अपील, वर आयोग. अडचण ही की तो सेवा मागणाऱ्यासाठी आहे, चालू लाभ थांबवला तर तिथे कसं बसवायचं हे कुणी ठरवलेलं नाही. तोवर माहिती अधिकारात अर्ज टाकायला सांगा. दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखाली असेल तर तेही नाहीत. एवढंच विचारायचं, "माझा लाभ कोणत्या तारखेला, कोणाच्या आदेशाने व कोणत्या कारणाने थांबवण्यात आला." जास्त लिहू नका, जास्त लिहिलं की उत्तर टाळायला जागा मिळते.

पगारदार पामर

हे मात्र करा. अपात्र असेल तर कारण द्यायला सरकारचं काय जातं? पैसे कुणाला दिले ते मलाही कळलं पाहिजे.

रानवाट

बरं. अर्ज तालुक्याला द्यायचा की जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात? तिची मजुरी पाडून दोनदा जायला नको.