पहिल्या डोसवर भागत नाही

लसीचा पहिला डोस झाला की कुत्र्याची पिल्लं 'पपी योगा'च्या (पिल्लांच्या सोबतीने योग करायच्या) वर्गात आणायला हरकत नाही, असं काही जण म्हणतात, ते पटत नाही. आईकडून आलेली प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) लस निष्प्रभ करू शकतात, म्हणून 6-8 आठवड्यांपासून दर 3-4 आठवड्यांनी, किमान 16 आठवड्यांचं होईपर्यंत डोस देतात. तोवर पार्व्हो या पिल्लांसाठी जीवघेण्या विषाणूची भीती असतेच. तो चपलांवरूनही येतो, तेव्हा मुंबईच्या पावसात तर चपला दाराबाहेरच हव्यात. नुसत्या फिनाईलवरही विसंबू नका. आधी घाण साबणाने काढायची, मग 30 भाग पाण्यात 1 भाग ब्लीच घालून फरशी 10 मिनिटं ओली ठेवायची, नंतर धुऊन पूर्ण वाळवायची. वास राहिला तर पिल्लांच्या नाकाला झोंबतो.

आणि कोपऱ्यात मुटकुळं करून झोपलेलं पिल्लू फोटोसाठी कृपया उचलू नका. या वयात त्यांना दिवसाला 18-20 तास झोप लागते.