मदत हवी आहे: कंबर तलावाचा गाळ, जिवाणूंच्या मोजणीत फारसा फरक दिसत नाही

तळगाळ:
सोलापूरच्या कंबर तलावावर एमएससीचा प्रकल्प आहे: सांडपाण्याचा तळाच्या गाळातल्या जिवाणूंवर काय परिणाम होतो. नमुने दोन, एक नाल्याच्या तोंडाशी आणि एक पलीकडच्या काठाजवळ. वरचा १० सेंमी गाळ कालवून एकत्र केला, न्यूट्रियंट अगरवर (जिवाणू वाढवायचं नेहमीचं माध्यम) ३० अंशाला ४८ तास ठेवला. ओल्या गाळाच्या ग्रॅममागे नाल्याकडे २० लाख सीएफयू (प्लेटवर वाढून वसाहत करणारे जिवाणू), काठाकडे ८ लाख. एवढ्यावर काय लिहिणार? शिवाय नाल्याकडच्या डीएनएचा पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या प्रती काढणं) लागतच नाही.

पाणवठा:
ओल्या वजनावर तुलना करू नका. दोन्हीकडचा १०-१० ग्रॅम गाळ १०५ अंशाला २४ तास वाळवा आणि आकडे कोरड्या वजनावर आणा. मग तोच गाळ ५५० अंशाला ४ तास जाळा, वजनातल्या घटीवरून सेंद्रिय भागाचा अंदाज येतो.

गढूळ:
१० सेंमी कालवलात तिथेच निम्मा प्रकल्प गेला. ऑक्सिजन गाळात जेमतेम काही मिलिमीटर उतरतो. त्याखाली नायट्रेट, मग लोह, मग सल्फेट वापरणारे जिवाणू आणि सगळ्यात खाली मिथेन करणारे आर्किया (जिवाणूंसारखेच, पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव). सांडपाण्यातलं सेंद्रिय खाद्य आलं की वरचा ऑक्सिजन लगेच संपतो आणि ही सगळी उतरंड वर सरकते. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू मुळात सावकाश वाढणारे, त्यांना ऑक्सिजन लागतो आणि सल्फाइड सोसत नाही. ते मागे पडतात, अमोनिया साचतो. लोहाला धरून बसलेला फॉस्फेट सुटून पाण्यात जातो आणि जलपर्णीला आयतं खत. तेव्हा किती जिवाणू यापेक्षा कोणते आणि किती खोलीवर, हे विचारा.

५० मिमीचा पीव्हीसी पाइप उभा दाबा, वरचं तोंड रबरी बुचाने बंद करून उचला, खालचंही लगेच बंद करा. ०-२, २-५, ५-१० सेंमी असे काप करा. काप पिशवीत भरताना हवा राहू देऊ नका, थेट बर्फात. सोलापूरच्या उन्हात तासभर गाडीत राहिलेला गाळ म्हणजे वेगळाच नमुना.

कापात काळा थर दिसला तर त्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका, पण उघड्यावर आणि नाक लांब ठेवून. सडक्या अंड्याचा वास येऊन काळेपणा उतरला तर तो लोहाचा सल्फाइड, म्हणजे सल्फेटवाले कामाला लागलेत. हे जिवाणू तुमच्या हवेतल्या प्लेटवर उगवणारच नाहीत. अनएरोबिक जार (ऑक्सिजन काढून टाकलेला बंद डबा) लागेल.

पाणवठा:
पीसीआर न लागण्याचं कारण बहुधा ह्युमिक आम्ल, म्हणजे कुजलेल्या सेंद्रिय पदार्थातलं तपकिरी द्रव्य. डीएनए तपकिरी दिसतोय का? १० पट आणि ५० पट पातळ करून लावा, मिश्रणात बीएसए (असे अडथळे धरून ठेवणारं प्रथिन) घाला. खात्रीसाठी हमखास लागणाऱ्या डीएनएत तुमचा अर्क मिसळून पाहा. तोही लागला नाही तर अडथळाच आहे. डीएनए काढण्याआधी गाळ सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी टाका, नाहीतर डीएनएसाठी घेतलेल्या पाव ग्रॅममध्ये पाणीच जास्त भरतं.

तळगाळ:
ओलावा काढला. नाल्याकडे ७५ टक्के, काठाकडे २५. म्हणजे कोरड्या ग्रॅममागे ८० लाख विरुद्ध साधारण १०.७ लाख. अडीचपट फरक थेट साडेसातपट झाला! डीएनए तपकिरीच होता, १० पट पातळ केल्यावर पट्टा आला.

गढूळ:
थांबा, हा साडेसातपट सांडपाण्याच्या नावावर टाकू नका. २५ टक्के ओलावा म्हणजे काठाकडे वाळू-मुरूम आहे. बारीक, सेंद्रिय गाळात एरवीही जिवाणू जास्तच असतात. नाल्यापासून लांबची पण तितक्याच खोलीची, तसाच चिकट गाळ असलेली जागा शोधा. प्रत्येक ठिकाणी पाइपने गाळाच्या किमान ३ नळ्या, वेगवेगळ्या काढलेल्या. एकाच नळीचे तीन भाग चालणार नाहीत. सांडपाण्याचा माग हवा असेल तर ई. कोलाय आणि क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हे विष्ठेतून येणारे जिवाणू दोन्ही मोजा. दुसऱ्याचे बीजाणू वर्षानुवर्षं टिकतात, त्यामुळे खालच्या कापात तो एकटाच सापडला तर घाण जुनी आहे.

तळगाळ:
काठाची जागा रद्द. बंधाऱ्याकडचा गाळ चिकट आहे, रविवारी तिथे ३ आणि नाल्याकडे ३ नळ्या काढतो. जारसाठी विभागात विचारलंय.