पहिली गुंतवणूक: भाड्याने द्यायचा फ्लॅट की बिनशेती प्लॉट?

हिशेबी:
पहिल्यांदा गुंतवणूक करणाऱ्याने भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा दाखला) मिळालेला तयार फ्लॅटच घ्यावा. पुण्यातला ५० लाखांचा धरा. ४० लाख कर्ज, १० लाख पदरचे. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे साडेतीन लाख, आणि नोंदणीचे ३० हजार. हे पैसे कर्जात बसत नाहीत. म्हणजे १३ लाख ८० हजार रोख हवेत. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं, मग ते वैयक्तिक कर्ज काढतात. बांधकाम चालू असतं तर वर ५ टक्के जीएसटी. तयार घराला तो नाही, भाडंही लगेच सुरू.

सह्याद्री:
साफ असहमत. पुढचा हिशेब कुठे आहे? ४० लाखांवर साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता ३४,७०० च्या घरात. भाडं १५ हजार आलं तरी अडीच हजार मेंटेनन्सला जातात. दरमहा २२ हजार खिशातून! तेवढ्याच रोख पैशात तालुक्याच्या गावाजवळ बिनकर्जी प्लॉट होतो.

हिशेबी:
होतो, पण बिनशेती म्हणून दाखवलेला प्रत्येक प्लॉट बिनशेती नसतो. सातबारा उघडला की एकाच गटावर (जमिनीच्या एकाच तुकड्यावर) दहा-बारा नावं, प्रत्येकापुढे एक गुंठा, म्हणजे १,०८९ चौरस फूट. तो गुंठा नेमका कुठला, हे कोणत्याच नकाशात नाही. विकायला गेलात की गिऱ्हाईकाचा वकील तिथेच थांबवतो.

दस्तवाचक:
प्लॉट घ्याच, पण बिनशेतीचा अधिकृत कागद, मंजूर रेखांकन (लेआउट) आणि मोजणीची क प्रत (सरकारी मोजणीचा नकाशा) हातात आल्याशिवाय विसार, म्हणजे आगाऊ रक्कम, देऊ नका. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ रकाना आधी वाचा: कुळ (जमीन कसणारा), बँकेचा बोजा (थकलेलं कर्ज) तिथेच सापडतो. भोगवटादार वर्ग २ (सरकारी अटींवर मिळालेली जमीन) असेल तर बहुधा जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विक्री अडते. मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा सर्च (शोध) वकिलाकडूनच करून घ्या, विकणाऱ्याने दिलेला चालवून घेऊ नका.

सह्याद्री:
हे सगळं मान्य, मी सांगतोय तो प्लॉट असाच तपासलेला. पण फ्लॅटवाल्यांनाही सांगा ना, की लिव्ह अँड लायसन्स (घर भाड्याने देण्याचा) करार नोंदवणं घरमालकाचं काम आहे. नोंदवला नाही आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. ते खोटं आहे हे मालकाने सिद्ध करायचं.